ट्रेलरच्या टायरची नक्षी शाबूत, पण वय सहा वर्षं: बदलायचे की चालवायचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. २०२० मॉडेलचा, २६ फुटी, दोन अ‍ॅक्सलचा ट्रॅव्हल ट्रेलर (पिकअप ट्रकमागे ओढायचं चाकांवरचं घर) नुकताच सेकंडहँड घेतलाय. तो टेक्सासमधल्या डॅलसच्या बाहेर एका उघड्या स्टोरेज यार्डात उभा असतो. टायर कंपनीतून आलेलेच आहेत: एसटी (खास ट्रेलरसाठीचे) २०५/७५ आर १४, लोड रेंज सी (टायर किती भार पेलतो त्याची श्रेणी, सीपेक्षा डी आणि ई जास्त). धाव आठ-नऊ हजार मैलांची. नक्षी जवळजवळ नवी, बाजूच्या भिंतीवर केसाएवढ्या भेगा. जुलैत मुलाबाळांना घेऊन यलोस्टोनला जायचं ठरतंय, जाऊन-येऊन अडीच हजार मैलांच्या वर. टायरवाला म्हणतो सगळे बदला. विकणारा म्हणाला होता, अजून दोन वर्षं हातसुद्धा लावू नका. कोणाचं ऐकायचं?

टायरवाल्याचं. चारही बदला, आणि स्टेपनीही बदला. भेगा दिसतात म्हणून नव्हे. भेगा नसत्या तरी तुमच्या बाबतीत उत्तर हेच असतं, कारण वय, टेक्सासचं ऊन आणि लोड रेंज सी या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या आहेत.

टायर कधी बदलायचा याचं आपल्या डोक्यात बसलेलं माप म्हणजे ‘गोटा झाला की’. कारच्या बाबतीत ते बऱ्यापैकी चालतं, कारण कार रोज धावते आणि टायर म्हातारा होण्याआधी झिजतो. ट्रेलरचं उलटं आहे. वर्षाला दीड-दोन हजार मैल फिरणाऱ्या ट्रेलरची नक्षी २/३२ इंचाच्या कायदेशीर मर्यादेपर्यंत कधी पोहोचतच नाही. तो टायर आतून जातो. नक्षीच्या खाली तारेचे दोन पट्टे एकावर एक बसवलेले असतात. त्यांच्या कडांपाशी, म्हणजे टायरच्या खांद्याच्या आत, रबर कडक होत जातं आणि तिथे बारीक चीर पडते. ती चीर कडेकडेने सरकते, पट्टे एकमेकांपासून सुटतात आणि एक दिवस भर दुपारी अख्खी नक्षी सोलून निघते. बाहेरून तोवर टायर छान काळाभोर दिसत असतो.

हे ट्रेलरवर जास्त होतं, त्यालाही कारण आहे. दोन अ‍ॅक्सलच्या ट्रेलरची चाकं वळत नाहीत. पेट्रोल पंपावर किंवा कॅम्पसाइटवर मागे घेताना तुम्ही काटकोनात वळवता तेव्हा पुढची चाकं एका बाजूला आणि मागची दुसऱ्या बाजूला फरफटतात. एकदा ट्रेलरच्या मागे उभं राहून बघा: टायरची खालची बाजू जमिनीला धरून राहते, रिम मात्र दोन-तीन इंच बाजूला गेलेली दिसते. हा पीळ नेमका त्या पट्ट्यांच्या कडांवर येतो. कारच्या टायरला असा पीळ सहसा बसत नाही, म्हणून कारच्या टायरचा अनुभव इथे लावू नये.

आता वय बघू. टायरच्या भिंतीवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असतो. त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. ३८१९ असेल तर २०१९चा ३८वा आठवडा, म्हणजे सप्टेंबर. पूर्ण क्रमांक टायरच्या एकाच बाजूला असतो, दुसऱ्या बाजूला शेवटचे आकडे नसतात. बसवणाऱ्याने ती बाजू आत टाकली असेल तर ट्रेलरखाली हात घालून मोबाइलने फोटो काढा. चारही टायरचे आणि स्टेपनीचे आकडे वेगवेगळे वाचा. मधे एखादा फुटून बदललेला असू शकतो. ट्रेलरचं मॉडेल २०२० असलं तरी टायर २०१९चे असणं नेहमीचंच, कारण कंपनीच्या गोदामात टायर काही महिने पडून असतात आणि ट्रेलर मग डीलरकडे उभा राहतो. वय मोजायचं ते या आकड्यावरून, ट्रेलरच्या कागदपत्रांवरून नाही.

‘फारसा फिरलाच नाही, नुसता उभा होता’ ही विकणाऱ्याची ठरलेली जाहिरात असते. टायरच्या दृष्टीने ती जाहिरात नव्हे, तक्रार आहे. रबरात ओझोनपासून बचाव करणारं मेण आणि रसायनं मिसळलेली असतात. चाक फिरतं, टायर दबतो-सुटतो, तेव्हा ती पृष्ठभागावर येत राहतात. उभ्या टायरमध्ये ती आतच राहतात आणि वरचं रबर उन्हात उघडं पडतं. दुसरं म्हणजे टायरमधल्या हवेतला ऑक्सिजन दाबाखाली आतून बाहेर झिरपत असतो आणि वाटेत रबर ऑक्सिडाइझ करतो. ही प्रक्रिया उष्णतेने वाढते. ढोबळ हिशेबात दर १० अंश सेल्सिअसला वेग दुप्पट धरतात. म्हणून मिनेसोटातल्या बंद शेडमधला सहा वर्षांचा टायर आणि टेक्सासात डांबरावर उभा असलेला सहा वर्षांचा टायर यांचं वय सारखं नसतं. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने टायर म्हातारे कसे होतात हे तपासायला २००३ साली वापरातले टायर गोळा केले ते अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्समधून. त्या अभ्यासामागे २००० सालचं फायरस्टोन टायर आणि फोर्ड एक्सप्लोररचं प्रकरण होतं. तिथेही नक्षी पट्ट्यांसकट सुटत होती.

त्या प्रकरणानंतर कारच्या टायरच्या चाचण्या कडक झाल्या आणि १३९ क्रमांकाचं नवं मानक आलं. एसटी टायर, म्हणजे खास ट्रेलरसाठीचे टायर, त्यातून वगळले गेले. ते आजही जुन्या ११९ क्रमांकाच्या मानकाखाली येतात. सगळे एसटी टायर वाईट, असा याचा अर्थ नाही. चांगल्या कंपन्या स्वतःहून जास्त करतात. पण ‘मिशलिन तर दहा वर्षं म्हणते’ हा दाखला इथे लागू पडत नाही. ती कमाल मर्यादा आहे, तीही पाचव्या वर्षानंतर दरवर्षी तज्ज्ञाकडून तपासणी होत असेल तर. आणि ती सांगितली आहे ती त्यांच्या स्वतःच्या टायरसाठी.

मग किती वर्षं? माझा हिशेब असा. तीन वर्षांपर्यंत फक्त हवा आणि जखमा बघा. चौथ्या वर्षापासून दर मोसमाआधी चाक उचलून फिरवून बघा (ते कसं, ते पुढे येतंय). पाचव्या वर्षी पैसे बाजूला काढा. सहाव्या वर्षी काढून टाका, दिसायला कितीही देखणे असोत. एकच अ‍ॅक्सल असेल तर पाचव्याच वर्षी, कारण तिथे एक टायर गेला की ती बाजू सांभाळायला दुसरं चाक नसतं. अ‍ॅरिझोना-टेक्साससारख्या ठिकाणी उघड्यावर ठेवत असाल किंवा वजनात शिल्लक कमी असेल तरी पाचच. उलट बंद शेड, थंड प्रदेश, भरपूर शिल्लक आणि साठच्या आत वेग असेल तर सात वर्षं ताणता येतील. त्यापुढे नाही.

‘वजनात शिल्लक’ म्हणजे काय हे नीट समजून घ्या, कारण या प्रश्नाचा निम्मा निकाल तिथेच लागतो.

तुमच्यासारख्या ट्रेलरवर बहुधा ३,५०० पौंडांचे दोन अ‍ॅक्सल असतात. खात्री करायची असेल तर ट्रेलरच्या डाव्या बाजूला पुढे चिकटवलेलं लेबल वाचा. त्यावर प्रत्येक अ‍ॅक्सलची मर्यादा, टायरचा साइज आणि थंड असताना भरायची हवा लिहिलेली असते. एसटी २०५/७५ आर १४ लोड रेंज सी हा टायर ५० पीएसआयवर १,७६० पौंड उचलतो. अ‍ॅक्सलची मर्यादा ३,५००, म्हणजे प्रत्येक चाकावर १,७५०. कारखान्याने कागदावर गणित बसवलं आहे आणि शिल्लक ठेवली आहे दहा पौंड. एक गॅलन पाण्याचं वजन आठ पौंडांहून थोडं जास्त असतं, यावरून अंदाज करा.

ट्रेलर प्रवासाला निघतो तसा भरा: पाण्याची टाकी, गॅसच्या टाक्या, डबे-भांडी, सायकली, सगळं. मग हायवेवरच्या ट्रकस्टॉपवर कॅट स्केलवर, म्हणजे ट्रकच्या वजनकाट्यावर, जा. ट्रकची पुढची चाकं पहिल्या प्लॅटफॉर्मवर, मागची दुसऱ्यावर आणि ट्रेलरची चारही तिसऱ्यावर. साधारण पंधरा डॉलरमध्ये तीन वजनं मिळतात. समजा तिसऱ्या प्लॅटफॉर्मचा आकडा ६,३०० पौंड आला. चाराने भागलं की १,५७५, म्हणजे ‘मर्यादेत आहे’ असं वाटतं. पण ट्रेलर कधीच सारखा भरलेला नसतो. स्लाइड-आउट (बाहेर सरकणारा खोलीचा भाग), फ्रीज आणि किचन एकाच बाजूला असेल तर त्या बाजूला ५४ टक्के आणि दुसरीकडे ४६ टक्के हे अगदी साधं प्रमाण आहे. जड बाजूला ३,४०२ पौंड, म्हणजे तिथल्या प्रत्येक टायरवर १,७०१. वर हिच, म्हणजे ट्रकला जोडायचा सांधा, उंच लागली असेल आणि ट्रेलरचं नाक वर असेल तर भार मागच्या अ‍ॅक्सलकडे सरकतो. स्प्रिंगपाट्यांमधला इक्वलायझर (पुढच्या-मागच्या पाट्यांना जोडणारा झुलता दुवा) तो बऱ्याच अंशी वाटून देतो, पाट्यांऐवजी नळीतल्या रबरावर चालणाऱ्या टॉर्शन अ‍ॅक्सलला मात्र ती सोय नसते. तिथे मागच्या चाकावर १,७६० सहज ओलांडले जातात आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. एकेका चाकाचं वजन हवं असेल तर एस्केपीज या आरव्ही क्लबची स्मार्टवे सेवा आहे. टेक्सासातच लिव्हिंग्स्टनला त्यांचं मोठं केंद्र आहे.

प्रत्यक्ष वजनावर टायरची क्षमता किमान १५ टक्के जास्त असावी. वरच्या हिशेबाने तुमच्याकडे सध्या ती जेमतेम तीन टक्के निघते, तीही टायर नवा आहे असं धरून.

म्हणून नवे घेताना त्याच साइजमध्ये लोड रेंज डी घ्या. तो ६५ पीएसआयवर २,०४० पौंड उचलतो. १,७०१ वजा केले तर ३३९ पौंड शिल्लक. पण इथे दोन अडथळे आहेत, आणि दुकानात ते कोणी आपणहून सांगत नाही. पहिला रिमचा. रिमच्या आतल्या बाजूला किंवा व्हॉल्व्हच्या भोकाजवळ कमाल वजन ठोकलेलं असतं, कधी कमाल दाबही. १४ इंची पाच नटांच्या रिमवर तो आकडा २,०४० पेक्षा कमी निघू शकतो. मग तुमची मर्यादा तीच, टायरवर काहीही छापलेलं असो. दाबाचा आकडा ५० असेल तर रिमही बदला. दुसरा अडथळा व्हॉल्व्हचा. रबरी दाबून बसवायचा टीआर ४१३ व्हॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतच असतो, म्हणजे तुम्ही बरोबर काठावर. नटाने आवळायचे धातूचे व्हॉल्व्ह घालून घ्या. चार-पाच डॉलरचा फरक. त्यावर टीपीएमएसचे (टायरचा दाब आणि तापमान चालत्या गाडीत दाखवणाऱ्या यंत्रणेचे) सेन्सर चढवणार असाल तर धातूचेच हवेत, सेन्सरच्या वजनाने रबरी व्हॉल्व्ह मुळाशी चिरतो. आणि टायर डी झाला म्हणून ट्रेलरमध्ये जास्त सामान भरता येत नाही. अ‍ॅक्सल ३,५००चाच राहतो.

१५ इंची रिम लावावी का, असं पुष्कळजण विचारतात. एसटी २२५/७५ आर १५ डी रेंजमध्ये २,५४० पौंड उचलतो आणि ई रेंजमध्ये ८० पीएसआयवर २,८३०, त्यामुळे मोह होतो. पण त्याचा व्यास २८.३ इंच आहे, तुमच्या टायरचा २६.१. म्हणजे दोन चाकांमधली जागा २.२ इंचांनी कमी होणार आणि वर फेंडरकडे १.१ इंचाने. स्प्रिंगपाटे खड्ड्यात दबतात तेव्हा चाक वर जातं, हे विसरू नका. मोजून पुरेशी जागा उरत नसेल तर तो नाद सोडा. कारचे पी टायर तर नकोतच: ट्रेलरवर लावताना त्यांची छापील क्षमता १.१ ने भागावी लागते, आणि त्यांच्या भिंती त्या फरफटीला मऊ पडतात.

ब्रँडबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. गुडइयर एन्ड्युरन्स (२०१७ पासून, अमेरिकेत बनतो), कार्लाइल रेडियल ट्रेल एचडी, मॅक्सिसचा एम ८००८ यांपैकी जो ताजा मिळेल तो. ताजा म्हणजे डीओटीचे आकडे सहा महिन्यांच्या आतले. ऑर्डर देतानाच सांगा आणि रिमवर चढवण्यापूर्वी स्वतः वाचा, चढवल्यावर दुकानदार परत घेत नाही. पैशांची ओढाताण असेल तर स्वस्त ब्रँडचा ताजा डी टायर हा महाग ब्रँडच्या सहा वर्षं जुन्या सी टायरपेक्षा कधीही बरा. या साइजला टायर साधारण शंभर ते दीडशे डॉलरला पडतो. फुटलेल्या टायरचा चाबूक फेंडर, ब्रेकची वायर, सांडपाण्याचा पाइप, कधी गॅसची नळी आणि तळाचं आवरण सोबत घेऊन जातो. तो खर्च पाच टायरच्या किमतीत भागत नाही.

‘दोनच बदलले तर?’ असा पुढचा प्रश्न येतोच. एका वयाचे, एका जागी उभे राहिलेले चार टायर. त्यातले दोन निकामी आणि दोन ठणठणीत, असं का व्हावं? चारही घ्या. स्टेपनी तर बहुधा त्याच सुमारास बनलेली असते, शिवाय मागच्या बंपरवर सहा वर्षं उन्हात टांगलेली. ती न फिरल्याने अधिकच कडक झालेली असते. ऐन वेळी तीच जर जड बाजूला लावावी लागली तर मग विचारूच नका.

आता चाक उचलून बघण्याची रीत. नवे टायर लावलेत तरी चौथ्या वर्षी हे लागेल, आणि आज तुमच्या जुन्या टायरवर केलंत तर बरंच काही दिसेल. ट्रेलर ट्रकला जोडलेला ठेवा, ट्रकचा हँडब्रेक ओढा, दुसऱ्या बाजूच्या चाकांना पुढे-मागे ठोकळे लावा. जॅक फ्रेमच्या लोखंडी गर्डरखाली, अ‍ॅक्सलच्या जवळ, मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी लावा. अ‍ॅक्सलच्या नळीखाली कधीही नाही. नळी किंचित वाकली तरी चाकांचा कोन बिघडतो आणि नवे टायर एका कडेने खाल्ले जातात. चाक इंच-दीड इंच उचला, शेजारी जॅकस्टँड ठेवा. विटेवर पेन्सिल किंवा स्क्रूड्रायव्हर अशा बेताने ठेवा की त्याचं टोक नक्षीपासून पाव इंचावर राहील. मग चाक हाताने सावकाश फिरवा आणि त्या फटीकडे बघा. एका फेरीत फट हळूहळू कमी-जास्त होत असेल तर रिम किंवा टायर थोडा अंडाकृती आहे, तेवढं चालतं. पण फट सगळीकडे सारखी असून एखाद्या वीतभर पट्ट्यात अचानक निम्मी होत असेल तर तिथे पट्टे सुटले आहेत. तो टायर त्याच दिवशी उतरवा. हेच टोक बाजूच्या भिंतीकडे धरून पुन्हा एकदा फिरवा.

मग तळहात नक्षीवरून आडवा फिरवा. एकाच जागी नक्षी जास्त झिजलेली, खोलगट लागली तर तीही आतल्या फुटीची खूण. भिंतीवर आत गेलेली उभी रेघ दिसते ती बहुधा आतल्या थराचा सांधा असतो, तिची भीती नाही. बाहेर आलेला फुगवटा मात्र, मग तो अर्ध्या लिंबाएवढा का असेना, टायरचा शेवट. भेगांचं म्हणाल तर भिंतीवरच्या १/३२ इंचापेक्षा उथळ भेगा, म्हणजे क्रेडिट कार्डाच्या जाडीपेक्षा कमी खोलीच्या, नुसत्या दिसायला वाईट. २/३२च्या पुढे गेल्या की टायर बाद, मधल्या असतील तर दुकानात दाखवा. नक्षीच्या खाचांच्या तळाशी आणि खांद्यावर गोल फिरणाऱ्या भेगा मात्र उथळ असल्या तरी वाईट, कारण त्यांच्याखालीच पट्ट्यांच्या कडा आहेत. ही सगळी तपासणी नापास करण्यासाठी आहे. यात टायर पास झाला म्हणून त्याचं वय कमी होत नाही.

बसवताना बॅलन्सिंग करून घ्या. ट्रेलरच्या चाकांना ते लागत नाही असं काही दुकानं म्हणतात. न केल्यास आतल्या कपाटांचे स्क्रू ढिले होतात. नट एअरगनने कचकचून आवळू देऊ नका. अर्ध्या इंचाच्या स्टडला डेक्स्टर अ‍ॅक्सलच्या मॅन्युअलप्रमाणे तीन टप्पे आहेत: आधी २०-२५ फूट-पौंड, मग ५०-६०, शेवटी ९०-१२०, तेही समोरासमोरच्या क्रमाने. नंतर १०, २५ आणि ५० मैलांवर थांबून टॉर्क पाना लावा. नव्या रिम असतील तर हे चुकवू नकाच, त्या बसतात आणि नट सैल पडतात. चाक निघून जाण्याचे जे प्रकार होतात त्यातले बरेचसे या पहिल्या पन्नास मैलांच्या आळसाचे असतात.

हवा. ट्रेलरला टायरवर छापलेला कमाल दाब भरायचा, म्हणजे तुमच्या नव्या टायरला ६५, सकाळी निघण्याआधी, ऊन लागायच्या आत. वजन कमी आहे म्हणून हवा कमी ठेवली तर वळणावरचा पीळ वाढतो. तापल्यावर गेज ७२-७५ दाखवेल, ती हवा सोडू नका. यलोस्टोनचं एक वेगळं गणित आहे. डॅलसला ९५ फॅरनहाइटमध्ये ६५ भरलेत आणि तिथे साडेसहा हजार फुटांवर पहाट ४० अंशांची निघाली, तर थंडीने दाब उतरतो आणि विरळ हवेमुळे गेजवर थोडा परत चढतो. दोन्ही मिळून गेज ६०च्या आसपास येईल. तिथून निघताना ६५ करून घ्या. परत खाली टेक्सासात उतरलात की सकाळी गार टायर बघून जास्तीची तेवढीच सोडा. छोटा कंप्रेसर सोबत हवा आणि तो खरोखर ६५ पर्यंत जातो का, हे घरी बघून ठेवा. नायट्रोजनवर पैसे घालू नका, हवेत ७८ टक्के तोच आहे.

वेगाचं अक्षर टायरवर वाचा: एल म्हणजे ताशी ७५ मैल, एम ८१, एन ८७. अक्षरच नसेल तर ६५ धरा. टायर परवानगी देतो म्हणून तेवढ्याने हाकायचं असं नाही. डॅलसहून अमरिलोकडे जाताना यूएस २८७वर मागचे ट्रक दिवे मारतील, मारू द्या. जुलैच्या दुपारी ६० ते ६५च्या वर जाऊ नका. टायरमधली उष्णता वजन, वेग आणि कमी हवा या तिघांतून येते, आणि वेग तेवढा चालत्या गाडीत तुमच्या पायाखाली असतो.

टीपीएमएस बसवाच. दोन अ‍ॅक्सलवर एका टायरची हवा गेली तर ट्रकमध्ये काही जाणवत नाही. मैलोन् मैल शेजारचा टायर दुप्पट भार ओढत राहतो. म्हणूनच एक फुटला की त्याच बाजूचा दुसराही बदलायचा, वरून धडधाकट दिसला तरी. सेन्सर पट्टे सुटण्याची आगाऊ खबर देत नाही, हवा जायला लागल्यावर ओरडतो. त्याचा दुसरा उपयोग तापमानाचा. उन्हाकडची बाजू थोडी जास्त असणारच, पण एकच चाक बाकी तिघांपेक्षा १५-२० अंश फॅरनहाइटने गरम असेल तर थांबा. हवा कमी असेल, नाहीतर ब्रेक धरलेला किंवा बेअरिंग कोरडं पडलेलं असेल.

परत आल्यावर यार्डात ठेवताना ६५ पूर्ण भरून ठेवा, टायरवर पांढरी कव्हरं घाला, खाली फळी टाका. धुवायला साबण-पाणी पुरे. चकचकीत करणारे पेट्रोलियमचे स्प्रे त्या बचावाच्या मेणालाच धुऊन काढतात. वर्षभरात दोन-तीनदा नुसता वीस मैलांचा फेरफटका मारून आणलात तर टायरला आणि बेअरिंगच्या ग्रीसलाही बरं.

दोन कामं बसवल्याच दिवशी उरका. नव्या टायरचे डीओटी क्रमांक कंपनीकडे नोंदवा. ट्रेलरच्या व्हीआयएनवरून (गाडीच्या ओळख क्रमांकावरून) टायरचा रिकॉल, म्हणजे कंपनीने सदोष म्हणून परत मागवल्याची सूचना, सापडत नाही, ती टायरच्या क्रमांकावरूनच निघते. आणि जुने पाच टायर दुकानातच सोडून भंगाराचे चार-पाच डॉलर भरा. ‘नक्षी चांगली आहे’ म्हणून ते घरी आणून जाहिरात टाकलीत तर कुणीतरी ते बोटीच्या ट्रेलरला लावेल.